नवा राउटर, सगळी फीचर्स चालू, तरी कॅमेरा दिसेना

आधी प्रश्न थोडक्यात मांडतो, म्हणजे नंतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. साताऱ्यात दुमजली घर, वरच्या मजल्यावर भाडेकरू. २०० एमबीपीएसचं फायबर कनेक्शन. कंपनीने भिंतीवर लावलेल्या पांढऱ्या डब्याला प्रश्न विचारणाऱ्यांनी स्वतःचा चांगला महागाचा राउटर जोडला आणि व्हिडिओ बघून पोर्ट फॉरवर्डिंग (बाहेरून येणारं कनेक्शन घरातल्या ठरावीक यंत्राकडे वळवणं), क्यूओएस (कुठल्या कामाला नेट आधी द्यायचं ते ठरवणं), पॅरेंटल कंट्रोल, गेस्ट नेटवर्क असं सगळं चालू केलं. आता तक्रारी चार आहेत. स्पीड ९४ च्या वर जात नाही. बाहेरगावाहून सीसीटीव्ही दिसत नाही. ऑफिसचा व्हिडिओ कॉल अडखळतो. आणि रात्री दहानंतर मुलाच्या मोबाइलवरचं नेट बंद व्हायला हवं, ते होत नाही. "नेमकी कुठली सेटिंग चुकली?" असा प्रश्न आहे.

मी घरं, दवाखाने, छोटी ऑफिसं यांची नेटवर्क बसवायचं काम करतो, आणि हा चार तक्रारींचा संच मला जवळपास पाठ आहे. तुमची एकच कुठली तरी सेटिंग चुकलेली नाही. चार तक्रारींची कारणं चार वेगळी आहेत आणि त्यातली निदान दोन तुमच्या नव्या राउटरच्या बाहेरची आहेत. व्हिडिओवाले नेहमी "हे बटण ऑन करा" एवढंच सांगतात. घरात राउटरचं काम नक्की कोणता डबा करतोय, हे आधी बघा असं क्वचितच कुणी सांगतं. तिथूनच सुरुवात करू.

तो पांढरा डबा म्हणजे ओएनटी. फायबरमधला प्रकाश घेऊन त्याचं साध्या नेटवर्क केबलवर रूपांतर करणं हे त्याचं मूळ काम. पण आपल्याकडे कंपन्या देतात ते बहुतेक ओएनटी स्वतःच राउटर असतात, त्यांचं स्वतःचं वायफायही असतं. त्यांच्यामागे तुम्ही दुसरा राउटर लावलात की घरात एकामागे एक असे दोन राउटर होतात. साधं ब्राउझिंग, यूट्यूब, ओटीटी यांना काही फरक पडत नाही, म्हणून ते कुणाच्या लक्षातही येत नाही. बाहेरून आत यायची गरज पडली की मात्र गाडी अडते. तुम्ही पोर्ट फॉरवर्डिंग केलंत ते आतल्या राउटरवर. म्हणजे फ्लॅटच्या दारावर पाटी लावली, पण सोसायटीच्या गेटवरच्या वॉचमनला काहीच सांगितलं नाही. पाहुणा गेटवरूनच परत जातो.

तपासायचं कसं? नव्या राउटरच्या पानावर जा आणि स्टेटसमध्ये वॅन किंवा इंटरनेट आयपी, म्हणजे राउटरला बाहेरच्या बाजूने मिळालेला पत्ता, बघा. तो १९२.१६८ ने सुरू होत असेल तर ओएनटी राउटर म्हणूनच चाललाय, दुसरं काही बघायला नको. मग ओएनटीच्या पानावर जाऊन त्याचा वॅन आयपी बघा. पत्ता साधारण १९२.१६८.१.१ असतो, लॉगिन डब्याच्या खाली चिकटवलेलं असतं. आता ब्राउझरमध्ये "माझा आयपी" शोधून बाहेरचं जग तुम्हाला कुठल्या पत्त्याने ओळखतं ते बघा. ओएनटीवरचा आणि हा पत्ता सारखाच असेल तर उत्तम, तुमच्याकडे पब्लिक आयपी, म्हणजे बाहेरून थेट पोचता येईल असा पत्ता, आहे. वेगळा असेल, आणि विशेषतः ओएनटीवरचा पत्ता १००.६४ ते १००.१२७ मधला किंवा १० ने सुरू होणारा असेल, तर तुम्ही सीजीनॅटमागे आहात.

सीजीनॅट म्हणजे तुमच्या घराबाहेर, कंपनीच्या यंत्रणेत बसलेला आणखी एक राउटर. एकच पब्लिक आयपी तिथे अनेक ग्राहकांत वाटला जातो. कंपन्यांना सरसकट दोष देता येत नाही. आयपीव्ही४ मध्ये, म्हणजे आयपी पत्त्यांच्या जुन्या पद्धतीत, एकूण पत्तेच ४२९ कोटींच्या आसपास. २०११ मध्ये जागतिक साठा संपला, आणि त्याच वर्षी आशिया-पॅसिफिकच्या संस्थेकडेही शेवटचा गठ्ठा उरला, जो मोजूनमापून वाटायचा होता. २०१२ मध्ये १००.६४ पासूनचा पट्टा खास याच कामासाठी राखून ठेवला गेला. आपल्याकडे घरोघरी ब्रॉडबँड पसरलं ते मुख्यतः त्यानंतर, त्यामुळे नव्या ग्राहकाला पब्लिक आयपी मिळणं हे नशिबावर किंवा कंपनीवर अवलंबून. सीजीनॅट असेल तर तुमच्या राउटरवर कुठलंही पोर्ट उघडा, डीएमझेड (बाहेरून येणारं सगळं एकाच यंत्राकडे पाठवणं) चालू करा, डीडीएनएस (बदलत्या आयपीला कायमचं नाव देणं) लावा, उपयोग शून्य. तो दरवाजा तुमच्या हातात नाही.

तुमचा आयपी यातला कुठला, हे तुम्ही लिहिलेलं नाही, त्यामुळे दोन्ही वाटा सांगतो.

पब्लिक आयपी असेल तर ओएनटी ब्रिज मोडला टाकून घ्या. म्हणजे ओएनटी फक्त प्रकाशाचं काम करेल आणि राउटर एकच उरेल, तुमचा. इथे तीन गोष्टी जपा. एक, पीपीपीओई (युजरनेम टाकून नेट जोडायची पद्धत) असेल तर त्याचं युजरनेम-पासवर्ड आणि व्हीलॅनचा (ओळीवरच्या नेटच्या वेगळ्या कप्प्याचा) नंबर कंपनीच्या माणसाकडून आधी लिहून घ्या, हे नव्या राउटरमध्ये भरावं लागतं. दोन, त्याच ओएनटीवर लँडलाइन फोन किंवा केबल टीव्हीचा बॉक्स चालत असेल तर ब्रिज करताना ते बंद पडू शकतात. त्यांच्यासाठी वेगळी सेटिंग ठेवायला सांगा. तीन, ओएनटीचं रिसेटचं भोक टाचणीने दाबू नका. आतली कंपनीची सगळी माहिती पुसली जाऊ शकते, आणि मग तंत्रज्ञ येईपर्यंत घर बिननेटचं. हे काम शनिवारी संध्याकाळी काढू नका, एवढं जरूर सांगेन.

काही कंपन्या ब्रिज करून देतच नाहीत. मग लोक सुचवतात की नव्या राउटरलाच अ‍ॅक्सेस पॉइंट मोडला टाका, म्हणजे तो फक्त वायफाय पुरवेल. तोही बरोबर मार्ग आहे, दोन राउटरची भानगड मिटते. पण मग पोर्ट, क्यूओएस, पॅरेंटल कंट्रोल हे सगळं ओएनटीकडे जातं, आणि ओएनटीच्या त्या पानांवर फारसं काही नसतं. महागाचा राउटर केवळ वायफायचा दिवा होऊन बसतो. ज्याला फक्त चांगलं वायफाय हवं त्याला मी हेच करून देतो. तुमच्या यादीतल्या गोष्टी बघता तुम्हाला ते पुरणार नाही. मग दोन राउटर तसेच ठेवून ओएनटीच्या डीएमझेडमध्ये तुमच्या राउटरचा आयपी टाकणं हा मधला मार्ग. दिसायला ओबडधोबड आहे, पण चालतो. दोघांचे आतले पत्ते मात्र वेगळे हवेत: ओएनटीवर १९२.१६८.१ असेल तर तुमच्याकडे १९२.१६८.५० किंवा असं काही ठेवा.

सीजीनॅट असेल तर पर्याय असे. कंपनीकडून स्टॅटिक आयपी घेणं. बहुतेक कंपन्या महिन्याचे वेगळे पैसे लावतात, दर ज्याचा त्याचा. दुसरा, आयपीव्ही६, म्हणजे पत्त्यांची नवी पद्धत. भारत या बाबतीत जगात बराच पुढे आहे, मोबाइल नेटवर्कवर तर ते सर्रास असतं. फायबरवर मिळत असेल तर प्रत्येक उपकरणाला थेट पत्ता मिळतो. पण जुना डीव्हीआर (कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग करणारा डबा) ते ओळखतच नाही, शिवाय एकामागे एक दोन राउटर असले की आतल्यापर्यंत ते बहुधा पोचत नाही. तिसरा पर्याय म्हणजे घरातल्या एखाद्या यंत्राने बाहेर जाऊन कनेक्शन धरून ठेवायचं. डीव्हीआरच्या डब्यावरचा क्यूआर कोड स्कॅन करून अ‍ॅपमध्ये कॅमेरे दिसतात, ते याच पद्धतीने. टेलस्केलसारखी साधनंही हेच करतात, वायरगार्ड या व्हीपीएन (नेटवरून जाणारा सुरक्षित खासगी बोगदा) पद्धतीच्या पायावर.

आणि आता माझं मत, मग ते कुणाला पटो न पटो: पब्लिक आयपी असला तरी डीव्हीआरचं पोर्ट बाहेर उघडू नका. व्हिडिओमध्ये ८०००, ३७७७७, ५५४ हे पोर्टचे आकडे धडाधड टाकून दाखवतात. त्या आकड्यांवर जगभरातून स्वयंचलित शोध चालू असतो. २०१६ मध्ये मिराई नावाच्या बॉटनेटने (ताब्यात घेतलेल्या यंत्रांच्या फौजेने) लाखो कॅमेरे, डीव्हीआर आणि राउटर ताब्यात घेतले होते, आणि त्यासाठी कुठलीही जादू लागली नाही. कारखान्यातून येणाऱ्या साठेक युजरनेम-पासवर्डच्या जोड्या एकामागून एक लावून बघितल्या, बस. आपल्याकडे डीव्हीआर बसवणारा जो पासवर्ड टाकून जातो तो गावातल्या निम्म्या दुकानांत तोच असतो. बाहेरून बघायचंच असेल तर राउटरवर व्हीपीएन सर्व्हर चालू करा, मोबाइलवरून आधी घरच्या नेटवर्कमध्ये शिरा आणि मग कॅमेरे बघा. उघडं पोर्ट मग फक्त व्हीपीएनचं राहतं. सीजीनॅट असेल तर टेलस्केल. एवढा खटाटोप नको असेल तर क्यूआरवालं अ‍ॅप वापरा, पण मग डीव्हीआर बनवणाऱ्या कंपनीच्या सर्व्हरवर विश्वास ठेवताय हे लक्षात असू द्या. तिन्ही बाबतींत डीव्हीआरचा पासवर्ड आधी बदला. आणि डीव्हीआरला राउटरच्या डीएचसीपीमध्ये (यंत्रांना पत्ते वाटणाऱ्या सेटिंगमध्ये) कायमचा आयपी राखून ठेवा, नाहीतर लाइट जाऊन आली की त्याचा पत्ता बदलतो आणि तुम्ही दुसऱ्याच यंत्राचं दार ठोठावत बसता.

आता ९४. हा आकडा बघितल्यावर मी वायफायकडे बघतच नाही. १०० एमबीपीएसच्या वायर्ड जोडणीवर सगळा सरंजाम वजा जाता हाती जेमतेम ९४-९५ येतात. म्हणजे ओएनटी आणि राउटर यांच्यामधली जोडणी गिगाबिटऐवजी १०० वर बसलीय. गिगाबिटला केबलमधल्या आठही तारा लागतात, १०० ला चारच. केबलच्या एका टोकाचा प्लग नीट दाबून बसवलेला (क्रिम्प केलेला) नसेल, किंवा इलेक्ट्रिशियनने उरलेल्या दोन जोड्या इंटरकॉमला वापरल्या असतील, तर जोडणी मुकाट्याने १०० वर उतरते. नेट चालतं, त्यामुळे तक्रारही होत नाही. काही ओएनटींना केबल लावायचं एकच पोर्ट गिगाबिट असतं, बाकीची १०० ची, तेही बघा. राउटरच्या पानावर पोर्टचा लिंक स्पीड दिसतो. राउटरच्या खोक्यातली एक मीटरची केबल लावून बघा. बहुधा तेवढ्यानेच आकडा दुप्पट होईल. तसं झालं नाही आणि लिंक स्पीड १००० दिसत असेल, तर मग क्यूओएसवर संशय घ्या, कारण पुढे सांगतो.

क्यूओएस हे या सगळ्यातलं सर्वांत गैरसमज असलेलं फीचर. त्याने स्पीड वाढत नाही, उलट थोडा मुद्दाम सोडावा लागतो. ओळ भरली की पॅकेट, म्हणजे डेटाचे छोटे तुकडे, कुठे तरी रांगेत थांबतात. ती रांग ओएनटीत किंवा कंपनीच्या यंत्रात लागली तर तिच्यावर तुमचं नियंत्रण नाही. म्हणून राउटरला सांगायचं की खऱ्या स्पीडच्या थोडं खालीच थांब. मग रांग राउटरमध्ये लागते आणि कॉलची छोटी पॅकेट पुढे काढता येतात. या रांगा विनाकारण लांबण्याच्या दुखण्याला बफरब्लोट म्हणतात, २०१० च्या सुमारास जिम गेटीस यांनी दिलेलं नाव. त्यावर २०१२ मध्ये कॅथलीन निकोल्स आणि व्हॅन जेकबसन यांनी कोडेल नावाची पद्धत मांडली. तिच्यावर बेतलेली एफक्यू-कोडेल आणि पुढची केक या पद्धती ओपनडब्ल्यूआरटी या राउटरच्या मुक्त सॉफ्टवेअरमध्ये आणि आता बऱ्याच राउटरमध्येही मिळतात. तुमच्या राउटरमध्ये यातलं नाव दिसलं तर तेच निवडा. "गेमिंग", "स्ट्रीमिंग" असे चित्रांचे बटणवाले प्रकार मी बंदच ठेवतो.

स्पीडच्या रकान्यात काय भरायचं? वायरने जोडलेल्या लॅपटॉपवर, घरातलं बाकी सगळं बंद करून, अपलोड आणि डाउनलोड मोजा. दोन्हींच्या ९० टक्के भरा. तुम्ही तिथे १००० भरलं असेल किंवा आधीचंच काही राहिलं असेल तर ते फीचर एक तर काहीच करत नाही, किंवा भलतीकडेच लगाम घालतं. ते चालू केल्यावर कित्येक राउटरमध्ये हार्डवेअर प्रवेग (पॅकेट झटपट पुढे पाठवणारी चिपमधली सोय) बंद पडतो, सगळा भार छोट्या प्रोसेसरवर येतो आणि स्पीड धाडकन खाली येतो. म्हणून म्हटलं की केबलनंतर संशय इथे.

पण थांबा. क्यूओएस तुम्हाला हवंच आहे का, हे एका चाचणीने कळेल. वायरवरच्या लॅपटॉपवर सतत पिंग (उत्तर यायला किती मिलिसेकंद लागतात ते मोजणारी चाचणी) चालू ठेवा आणि दुसऱ्या यंत्रावरून मोठी फाइल अपलोड करा. पिंग २० वरून ३००-४०० वर गेला तर क्यूओएसचं काम आहे. फारसा हलला नाही, तर ते बंद करून टाका. तुमचा कॉल वायफायमुळे अडखळतोय. २०० एमबीपीएसच्या प्लॅनमध्ये, अपलोडही तेवढंच असेल तर, मला वायफायचाच संशय जास्त.

वायफायचं लवकर आटोपतो. २.४ गिगाहर्ट्झवर चॅनलची रुंदी २० मेगाहर्ट्झ ठेवा आणि चॅनल १, ६ किंवा ११ यातलं शेजारी कमी वापरतात ते. ४० ची रुंदी दाट वस्तीत शेजाऱ्यांच्या आणि स्वतःच्याही मुळावर येते. ५ गिगाहर्ट्झवर रुंदी ८०. इथे आपल्याकडे जागा मुबलक आहे, २०१८ मध्ये सरकारने या पट्ट्यातले ६०५ मेगाहर्ट्झ विनापरवाना खुले केले. ३६ ते ४८ किंवा १४९ च्या पुढचं चॅनल घ्या. ५२ ते १४४ मधल्या चॅनलवर बरेच राउटर आधी मिनिटभर रडारचा कानोसा घेतात, त्यामुळे लाइट गेल्यावर "५जीवालं वायफाय गायब झालं" असे फोन येतात. १६० च्या रुंदीत ही मधली चॅनल हमखास येतातच, म्हणून ती मी टाळतो. कॉल घेता ती जागा राउटरपासून एका स्लॅबपलीकडे असेल तर कुठलीही सेटिंग कामाची नाही. वर एक केबल ओढा आणि तिथे अ‍ॅक्सेस पॉइंट लावा. राउटर टीव्हीच्या कपाटात कोंबलेला असेल तर आधी तो बाहेर काढा.

मुलाच्या नेटचं. तुमच्या राउटरचं पॅरेंटल कंट्रोल उपकरणाला त्याच्या मॅक पत्त्यावरून, म्हणजे वायफाय चिपच्या ओळखक्रमांकावरून, ओळखतं. २०१९ मध्ये अँड्रॉइड १० ने आणि २०२० मध्ये आयओएस १४ ने वायफायसाठी खोटा, यादृच्छिक मॅक पत्ता वापरायला सुरुवात केली. हेतू खासगीपणा जपण्याचा, चांगलाच. पण मुलाने ती एक सेटिंग उलटसुलट केली की राउटरच्या दृष्टीने तो नवा फोन. तेव्हा बंदी घालण्याऐवजी उलट करा: मुलांच्या उपकरणांसाठी वेगळं वायफायचं नाव काढा आणि वेळेचा नियम त्या अख्ख्या नावालाच लावा. घरच्या मुख्य वायफायचा पासवर्ड त्याला द्यायचा नाही. आधीच माहीत असेल तर बदला. नकोशा साइट अडवायच्या असतील तर त्या नेटवर्कला १.१.१.३ हा डीएनएस (साइटच्या नावावरून पत्ता शोधून देणारी सेवा) लावता येतो, तो मालवेअर आणि प्रौढ मजकूर गाळतो. अर्थात फोनमधल्या प्रायव्हेट डीएनएसने तो टाळता येतो, आणि सिममध्ये डेटा असेल तर राउटर बिचारा काय करणार. तिथे फोनमधलंच पालकांचं नियंत्रण वापरा, किंवा बोला. मुलगा किती वर्षांचा आहे त्यावर अवलंबून.

भाडेकरूंचं गेस्ट नेटवर्क तुम्ही चालू केलंत ते योग्यच. फक्त त्यात "स्थानिक नेटवर्क बघू द्या" अशी जी खूण असते ती काढलेली आहे का बघा, नाहीतर तुमचा डीव्हीआर त्यांनाही दिसेल. एक बिनतांत्रिक सूचना: कनेक्शन तुमच्या नावावर, केवायसी तुमचं. त्या नेटवरून कुणी काही उद्योग केले तर पहिली विचारणा तुमच्याकडे होईल. शिवाय काही कंपन्यांच्या अटींत दुसऱ्या घराला नेट द्यायला मनाई असते, त्या वाचून घ्या. माझं विचाराल तर भाडेकरूने स्वतःचं कनेक्शन घ्यावं.

काही गोष्टी मात्र परिस्थितीवर अवलंबून नाहीत, सगळीकडे सारख्याच. डब्ल्यूपीएस (बटण किंवा पिनने वायफाय जोडायची सोय) बंद करा. त्याचा पिन आठ आकडी असतो, पण दोन तुकड्यांत तपासला जातो आणि शेवटचा आकडा पडताळणीचा, त्यामुळे जास्तीत जास्त ११,००० प्रयत्नांत तो सापडतो. २०११ पासून हे उघड आहे. बाहेरून राउटरचं पान उघडायची सोय बंद. यूपीएनपी (यंत्रांनी आपणहून पोर्ट उघडायची सोय) बंद, मुलाची एखादी गेम कुरकुरली तर तेवढ्यापुरता विचार करू. वायफायच्या पासवर्डची सुरक्षा डब्ल्यूपीए२ आणि ३ मिश्र ठेवा, फक्त ३ ठेवलं तर जुना प्रिंटर आणि स्मार्ट बल्ब रुसतात. ओएनटीचं स्वतःचं वायफायही बंद करा, नाहीतर फोन कधी इकडे कधी तिकडे चिकटतात आणि मुलालाही ती मागची वाट खुली राहते.

क्रम असा ठेवा: केबल, मग दोन्ही आयपी, मग ब्रिज, मग वायफाय, आणि क्यूओएस सर्वांत शेवटी. एका वेळी एकच बदल करा. राउटर रिसेट करून कोऱ्या पाटीवरून सुरुवात केलीत तर उत्तम, कारण आत्ता कुठल्या व्हिडिओतलं काय चालू राहिलंय ते तुम्हालाही सांगता येणार नाही. सगळं जमलं की सेटिंगची बॅकअप फाइल काढून लॅपटॉपवर ठेवा. लाइट सारखी जात असेल तर ओएनटी आणि राउटर दोघांना मिळून एक १२ व्होल्टचा मिनी यूपीएस घ्या, फक्त दोघांचे व्होल्ट आणि अँपिअर आधी बघून.

आणि पुढचं विचाराल तेव्हा एवढं लिहा: नव्या राउटरच्या आणि ओएनटीच्या वॅन आयपीचे पहिले दोन आकडे (पूर्ण पत्ता इथे टाकू नका), राउटरवर दिसणारा पोर्टचा लिंक स्पीड, आणि अपलोड चालू असतानाचा पिंग. ओएनटीवर लँडलाइन आहे का, तेही.